तरोटा नाही, तरवड

माह्या पोरानं मले अमरावतीले आनलं तवा ऑटोतून उतरायच्या आधीच सांगतलं, "माय, इथं कोनाले आपल्या कामाचं बोलू नको. शेती होती म्हनून सांगजो."

मी म्हटलं, "कोनती शेती?"

"होती म्हनाचं. कोन येते सातबारा पाहाले?"

कोनतं काम, ते पहिले सांगतो. नाही तं पुढचं समजाचं नाही. आमी कातडं कमवत होतो. माहा बाप तेच करे, सासरा तेच, माहा मालकही तेच. मेलेल्या ढोराचं कातडं आनाचं, चुन्याच्या पान्यात ठेवाचं, केस सुटले का खरडाचं. मंग त्याची पिशवी शिवून झाडाले टांगाची अन् तिच्यात तरवडाच्या सालीचं पानी भराचं. थेंब थेंब गळत राहे ते. तरवड म्हन्जे झुडूपच, कमरेएवढं, लय झालं तं डोक्याएवढं. बरडावर, मुरमात, आपल्या आपन येते. फुलं पिवळीजरद, शेंगा चपट्या. साल इतकी तुरट का जिभेले लागली तं जीभ आखडते. त्या तुरटपनानंच कातडं सडत नाही, जोडा होते.

साल सोलाचं अन् कुटाचं काम बाईचं. लग्न झालं तवापासून माहे हात तांबडे. लोखंडी घमेल्यात साल भिजवली का पानी शाईवानी काळं होये, मंग हातही काळे. गावाले पानी काढाले कातड्याची मोट पाह्यजे, चाबूक पाह्यजे, जोडे पाह्यजे, आमी नोको. विहिरीवर गेलं तं वरून धार सोडत ओंजळीत, भांड्याले भांडं लागू देत नव्हते. पुढं मोटी गेल्या, मोटरपंप आले, प्लास्टिकचे जोडे आले, अन् आमचं काम बुडालं. मले काही रडू आलं नाही. चांगलं काम नव्हतं ते. जेवतानी हाताचा वास घासात जाये.

पोराले शिकवलं, तो हापिसात लागला. त्यानं दर्यापुराकडच्या शेतकऱ्याची पोरगी पसंत केली अन् कोर्टात लग्न केलं. जात तिच्या घरच्यायले माहीत होती, जात काही लपत नाही. पन पोरानं त्यायले सांगतलं, आमच्या घरात ते काम कोनी केलंच नाही, आजा-पंजापासून शेतीच. सुनेले खरं माहीत होतं. तिच्या मायबापाले नव्हतं.

मी म्हटलं, ठीक हाय बाप्पा. शेती तं शेती.

मालक गेल्यावर मी अमरावतीतच राहे. गावाकडं कधीमधी. आमचं गाव अकोल्याहून पातूरच्या रस्त्यानं जा लागते. एक खेप तेरवीले गेली तं बरडाकडं पाहून आली. तिथं आमची कामाची जागा होती, अन् चारी बाजूनं तरवडाचं रान. रान म्हन्जे रानच, फुलाच्या दिवसात बरड हळदीवानी दिसे. आता काहीच नाही. अर्ध्यावर कोनी सोयाबीन पेरलं होतं, बांधावर तणनाशक मारलं होतं. उरलेल्या अर्ध्यात जेसीबी लागला होता. रस्त्यासाठी मुरूम खोदून राहिले होते. एका काठाले एकच झुडूप उभं होतं, अर्धी मुळी हवेत.

जेसीबीवाला म्हने, "आजी, हटा तिथून. काठ धसन."

"हे झाड पाडतं का?"

"झाड कुठी हाय? हे तं झुडूप हाय."

मले राग आला. लोकं समजतात मले त्या झाडाची माया होती. माया-गिया काही नव्हती. त्यानं माही कंबर मोडली होती. पन विहिरीवरून आमाले हाकललं, देवळाच्या पायरीवरून हाकललं, आता पोरगा म्हने आपल्या कामाचं नावही घेऊ नको, अन् इथं हा ते झाडही पुसून राहिला. मंग आमी होतोच नाही का? मी ठरवलं, हे झाड मी लावन. पोराच्या दारात लावन.

पहिले खोदून पाह्यलं. एक बारकं पिलू होतं बुडाजवळ. मुळी सरळ खाली गेलेली, अन् मुरमात अशी रुतलेली का कुदळीनं अर्धी तुटली. ओल्या फडक्यात गुंडाळून नेलं, तिसऱ्या दिवशी वाळलं. तवा समजलं का तरवड उचलून नेता येत नाही. बी धरा लागते.

पौषात परत गेली. शेंगा वाळून खडखड वाजून राहिल्या होत्या. जेसीबीवाला हॉर्न वाजवून राहिला अन् मी तोडून राहिली. तो खाली उतरला.

"बुढे, ह्या शेंगा कायले? औषध हाय काय?"

"हाव. तुह्यासारख्यायले पाजाचं."

तो हासला. मी नाही हासली. त्याच पंधरवड्यात ते झुडूप गेलं, मले गावच्या एका बाईनं फोनवर सांगतलं. तवा दुनियेतलं नसन, पन आमच्या बरडावरचं सारं तरवड माह्या एका डब्यात होतं. अर्ध्या शेंगाईले तं भुंग्यानं आधीच भोकं पाडली होती. चांगलं बी निवडलं, राखीत घातलं.

पेराले माती पाह्यजे. अमरावतीची माती काळी, पानी धरून बसते, तिच्यात तरवड सडते. मी गावातून पोतंभर मुरूम घेऊन एसटीत चढली. कंडक्टर म्हने, "आजी, दगड कायले नेता? अमरावतीले दगड कमी हायेत काय?"

मागून एक जन म्हने, "सुनेच्या डोक्यात घालतीन."

सारी गाडी हासली. हासू द्या. पोतं उतरवाले मात्र एकही हासनारा उठला नाही.

घरी पोरानं पोतं पाह्यलं, डबा पाह्यला. शेंग हातात घेतली अन् तसाच उभा राह्यला. लहानपनी त्यानंही साल वाहिली हाय डोक्यावर. त्याले सांगा लागत नाही.

"हे इथं नाही लावाचं."

"काहून?"

"काहून म्हन्जे? बाजूचे सारे गावाकडचेच हायेत. एखादा म्हातारा वळखन."

"झाड वळखन. तुले थोडी वळखन?"

"तुले समजत नाही माय."

"मले समजते म्हनून तं आनलं."

तो हापिसात गेला. मी गच्चीवर गेली. टाकीच्या मागं, खालून दिसन नाही अशी जागा पाह्यली. दुधाच्या पन्न्या धुऊन ठेवल्या होत्या, त्याईले बुडाले भोकं पाडली, मुरूम अन् थोडं शेनखत भरलं. बी टाकलं. जेठाचं ऊन. काहीच उगवलं नाही. उकरून पाह्यलं तं बी जसंच्या तसं, दगड. आपल्या आपन येनारं झाड, त्याले माहा हात नोको होता.

मंग एक बी मी दातात धरून पाह्यलं. फुटंना. म्हटलं, हे जनावरावानीच हाय, वरची कातडी काढल्याबिगर आत पानी जात नाही. घरात पाटा होता. सून मिक्सरमंधी वाटे, पाटा नुसता कोपऱ्यात उभा. मी तो आडवा केला अन् बी त्याच्यावर घासलं, चकाकी जाईपर्यंत.

सून म्हने, "आई, खायच्या पाट्यावर?"

"तुमी कधी खाल्लं त्याच्यावरचं?"

घासलेलं बी कढत पान्यात टाकलं, रातभर राहू देल्लं. सकाळी फुगलं होतं. पेरलं, आठ-दहा दिसात वर आलं. पहिले दोन जाड पानं, मंग बारक्या पानाची जोडी जोडी. मी रोज पानी घालत गेली, तुळशीले घालतो तसं. तं कित्येक बुडातून काळे पडून आडवे झाले. मंग हात आखडला. अर्ध्याच्या वर वाचले. आखाडापर्यंत वीतभर झाले होते.

आखाडात सुनेची माय आली. माही ईन. बाई वाईट नाही, पन हात स्वस्थ ठेवत नाही. दुसऱ्याच्या घरी आली का डबे पुसन, कपाट लावन, अन् मंग सांगन का तुमचं कपाट कसं होतं. त्या दिवशी सून अन् पोरगा दोघंही कामावर. मी दवाखान्यात गेली होती, डोळ्याले. ईनबाई कपडे वाळू घालाले गच्चीवर गेली.

मी आली तवा सून घरी आली होती, ताटं वाढली होती. ईनबाई लय खुश.

"बसा ईनबाई, बसा. गरम भाकर हाय. पाहा मी काय केलं! तुमी गच्चीवर तरोटा लावला अन् मले सांगतलं नाही!"

तरोटा म्हन्जे आमच्या वऱ्हाडातली रानभाजी. पानी पडलं का बांधावर, उकिरड्यावर, कुठीही उगवते. कवळी असली का सारे खातात. अन् कवळा तरवड अन् कवळा तरोटा, दोघाचीही पानं जोडी जोडीनं. बाहेरच्या मानसाले तं दोन्ही गवतच वाटन, अन् खेड्यातली बाई दिसला का खुडनार. ज्याले भाजी समजते त्यानंच हे करावं.

मले कळलं. तरी घास घेतला. लसूनही होता, तुरीची दाळ होती, पन जीभ आखडली.

"कशी झाली?" ईनबाई म्हने. "थोडी तुरट हाय, नाही? पन्नीतल्या मातीची असन."

मी गिळलं. म्हटलं, "ईनबाई, हा तरोटा नव्हता."

"मंग कोनती भाजी होय?"

सून माह्याकडं पाहून राहिली होती. डोळ्यानं सांगून राहिली होती, आई नोको. मी तिच्याकडून नजर काढली.

"तरवड."

"तरवड? तो बरडावरचा? कातड्याचा?"

"कातड्याचाच. आमी जन्मभर त्याच्यातच कातडं कमवलं."

"आमी म्हन्जे कोन?"

"मी. माहा मालक. तुमचे जावईही साल वाहत होते."

ईनबाईनं हातातला घास ताटात ठेवला. मोरीवर गेली. मले गुळन्या भराचा आवाज आला, एक, मंग आनखी, मंग आनखी. तोंडात बोट घालून काढाले पाहे. पदरानं तोंड पुसत आली अन् म्हने, "कातड्याचं खाल्लं मी!"

"पानं होती ती. कातडं नाही शिजवलं तुमी."

"तुमी आधी सांगाचं होतं!"

"काय सांगाचं? भाजी तुमी खुडली, मले इचारलं?"

"तुमच्यात शेती होती म्हने जावई."

"जावई खोटं बोलले. अन् तुमच्या सासऱ्याची मोट कायची होती वो ईनबाई? लुगड्याची? बैलाच्या वाद्या कायच्या होत्या?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

"ते बाहेर राहे. हे पोटात गेलं."

तिनं पुढं ताटाले हात नाही लावला. मी लावला. मी माहं ताट पुसून खाल्लं, भाजी दोन खेपा घेतली. माही रोपं होती, टाकून देऊ काय?

पोरगा संध्याकाळी आला. मले वाटलं, आता तरी म्हनन का माही माय खरं बोलली. तो पहिले सासूजवळ गेला. "आई, चुकी झाली, तुमी मनावर घेऊ नका." तिले लिंबाचं पानी करून देल्लं. मंग माह्या खोलीत आला अन् दार लोटलं.

"तुले एवढीच हौस होती तं गावातच मरायचं होतं."

"मरन माह्या हातात असतं तं तुले इचारलं नसतं."

"मी किती वर्षं सांभाळलं हे. तू एका घासात घालवलं."

"घास मी नाही केला."

"गच्चीवरचं सारं उद्या फेकतो मी."

ईनबाई सकाळच्या गाडीनं गेली. ऑटोत बसता बसता पोरीले म्हने, "भांडे राखेनं घासून घेजो." मले ऐकू येईन असं म्हने. सुनेनं हो म्हटलं.

मी गच्चीवर गेली, पाह्यलं. ईनबाईचा हात घाईचा होता. काही मुळासकट उपटले होते, ते गेले. बाकीचे वरून खुडलेले, नुसती दांडी उभी. ज्यायची बुडाची दोन जाड पानं शाबूत होती त्यायच्या बगलेत हिरवं टोक दिसून राह्यलं होतं. एकाचे दोन फुटनार होते. मी पन्न्या उचलाले लागली तं सून टमाट्याची प्लास्टिकची क्रेट घेऊन आली. पायरीवर ठेवली अन् खाली गेली. तिच्या पोटात काय होतं मले आजही माहीत नाही. मी जावं असंही असन.

क्रेट घेऊन मी गावात राहालेच आली. बरडावर गेली तं तिथं खड्डा, खड्ड्यात पानी, म्हशी बसलेल्या. मंग आमच्या जुन्या घराच्या मागं लावले, भितीच्या अन् नालीच्या मधात. पन्नी हळू फाडाची, मुळीले धक्का लागू द्याचा नाही, एवढं आता समजलं होतं. बकऱ्या तरवडाले तोंड लावत नाहीत. मानसं लावतात.

बाजूचा म्हातारा भितीवरून वाकला. त्याच्या बापाची मोट आमच्याच घरून जाये.

"काय वं बुढे, धंदा चालू करतं का पुन्ना?"

"हाव. तू मर, तुह्यापासूनच चालू करतो."

"वास येईन गल्लीत."

"तुहा येतेच हाय, आमी बोलतो काय?"

त्याच्या बायकोनं भितीलगतच्या झुडपावर रोज धुन्याचं सोड्याचं पानी फेकलं. ते गेलं. मी तिले म्हटलं, "फेक, किती फेकतं पाहातो." बाकीचे तिच्या हाताच्या पल्ल्यात नव्हते, ते वाढले. दुसऱ्या वर्षी फुलले.

तवा कोनं सांगतलं कोन जाने, का तरवडाच्या फुलाचा काढा साखरेच्या बिमारीले चांगला. म्हाताऱ्याले साखर होती. त्याची बायको मागच्या दारी आली, पदर डोक्यावर घेऊन.

"चार फुलं देता काय?"

"कोनती?"

"हेच, पिवळी."

"नाव काय त्यायचं?"

ती पायाकडं पाहे. "मले काय माहीत."

"माहीत नाही तं पानी कायले फेकत होती? नाव घे, मंग नेजो."

तिनं पदर आनखी पुढं ओढला. मंग म्हने, "तरवडाची."

मी ओंजळभर तोडून तिच्या हातात ठेवली. वरून नाही टाकली. गुन येते का नाही मले माहीत नाही, मी काही डागदर नाही. दवाखान्याची गोळी बंद करू नको एवढं सांगतलं. ती परत आली नाही. सोड्याचं पानी मात्र बंद झालं.

शेंगा धरल्या तवा मी इचार केला. एका जागी ठेवलं का उपटाले एकच जन पुरते. बरडावर होतं तं एका जेसीबीनं गेलं, गच्चीवर होतं तं एका भाजीनं. म्हनून आता मी कुठीही जातो तं पदराच्या गाठीत बी असते, पाट्यावर घासलेलं. पातूरच्या रस्त्याले टाकलं. अकोल्याच्या एसटी स्टँडामागं, जिथं मुरूम टाकला हाय, तिथं टाकलं. डोळ्याच्या दवाखान्यासाठी अमरावतीले जा लागते, तवा पोराच्या घरी जातो. पोरगा बोलते, पन कामापुरतं. जेवाले वाढतात. ईनबाई मी हाय म्हटलं का येत नाही. त्याच्या घराबाजूचा प्लॉट खाली हाय. तिथं मुठभर टाकलं, अन् लेआऊटच्या रस्त्यानं, कंपाउंडाच्या बाहेरून, टाकत गेली.

औंदा पानी पडल्यावर पोराचा फोन आला. जेवली का, डोळा कसा हाय, काही नाही. एकदम म्हने, "बाजूच्या प्लॉटवर ते निंगालं."

"काय निंगालं?"

"तुले माहीत हाय."

"तरोटा असन."

"तरोटा नाही. मले समजते."

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"तूच टाकलं नं?"

"हाव."

"लोकं इचारून राहिले, कायचं झाड होय म्हनून."

"मंग काय सांगतलं?"

पलीकडून कुकरची शिटी ऐकू आली. मंग म्हने, "मी कापून टाकतो, माय."

"काप. बुडातून कापलं तं दुप्पट फुटते, तुले माहीत हाय."

त्यानं फोन ठेवला. पुढच्या महिन्यात डोळ्याची तारीख हाय. त्याच्या लेआऊटात नाल्याच्या पलीकडची बाजू राह्यली हाय बी टाकाची.